खुली तिकिटं

सकाळी साडेसहाला फहाहीलमध्ये
समोरची इमारत नाहीशी झाली.
धूळ. बेसनासारखी बारीक,
आणि तिला गंजक्या खिळ्याचा वास.
दहा मिनिटांत शाळेचा निरोप: आज वर्ग घरून.

मी मात्र शाळेत, सर्व्हरच्या खोलीत.
यंत्रांना गारवा लागतो,
म्हणून मे महिन्यात मी स्वेटर घालून.

शिक्षकांच्या तक्रारीला आमच्याकडे तिकीट म्हणतात.
अम्मीला हे सांगायला गेलो,
"आज सकाळपासून बावीस तिकिटं,"
तर ती दापोलीहून ओरडली, "तुझं कधीचं काढलंस?"
त्यानंतर मी तिला कामाचं काही सांगत नाही.

लीलाम्मा टीचर, जीवशास्त्र:
"अर्धी मुलं दिसत नाहीत."
मुलांनीच कॅमेरे बंद केलेत, टीचर.
हा बिघाड नाही, वय आहे.

उस्ताद रिफअत, अरबी:
फळ्यावर टाइप केलं की अक्षरं
एकमेकांचा हात सोडतात.
'किताब' उभा राहतो चार अनोळखी माणसांसारखा,
बसस्टॉपवर, आणि तोही उलट्या रांगेत.
"ही माझी भाषा नाही," ते फोनवर म्हणाले,
"हा तिचा अपघात आहे."
एक फाइल बदलायला दीड तास गेला.
शब्द जुळला तेव्हा पलीकडे कुणीतरी मूल
तो मोठ्याने वाचत होतं,
आणि उस्ताद मला विसरून गेले होते.

धूळ बसली. पण एका मजल्याचा एसी तिने गिळला,
म्हणून पुढचा आठवडा मिश्र:
अर्धी मुलं बाकांवर, अर्धी घरी.
तिवईवर कॅमेरा, तिवईच्या पायांना चिकटपट्टी.
बाकांकडे बघावं तर घरचे रुसतात,
भिंगाकडे बघावं तर बाकांवरचे कागदी बाण सोडतात.
मी भिंगाखाली चिठ्ठी लावली:
इकडेही माणसं आहेत.

मग टिपणीसबाईंचं तिकीट.
वत्सला टिपणीस, गणित, सव्वीस वर्षं याच शाळेत.
मी सातवीत असताना त्या
फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायच्या.
शेवटचं टोक पहिल्याला असं मिळायचं
की जोड सापडायचा नाही.
मधल्या सुट्टीत आम्ही पट्टी लावून त्रिज्या मोजायचो,
चूक निघावी म्हणून.

"नवं पेन खराब आहे.
वर्तुळ थरथरतं. बदलून द्यावं."

शाळा सुटल्यावर गेलो.
टोक पाहिलं, बॅटरी पाहिली, काच पुसली.
तीन पेनं बदलली.
माझ्या हातात रेघ सरळ.
त्यांच्या हातात वर्तुळ,
आणि त्याच्या कडेला बारीक दाते,
पाटाच्या पाण्यावरून वारा गेल्यासारखे.
बाई पडद्याकडे बघत होत्या.
मी पेनाकडे बघत राहिलो,
गरजेपेक्षा बराच वेळ.
"सापडलं का रे?"
"हो बाई. पेनच."

सेटिंगमध्ये आत, फार आत, एक पट्टी असते,
शून्य ते दहा, रेघ सावरून घेणारी.
ती आठवर नेली.
तिकिटावर लिहिलं:
कारण, पेन सदोष. दुरुस्त. बंद.

चौथ्या दिवशी तेच तिकीट पुन्हा उघडलं.
"वर्तुळ आता नको तितकं गोल येतंय.
ब तुकडी विचारते, बाई, हे यंत्राने काढलं का?
थोडं माझं राहू दे."

मी पट्टी पाचवर आणली.
जरा थांबून, चारवर.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही.
प्रणाली रोज सकाळी आठवण करते:
एक तिकीट प्रलंबित.
मी रोज 'नंतर' दाबतो
आणि पुढच्या तक्रारीकडे वळतो.